आंब्याच्या पेटीतला पेंढा आणि धिंगरी : लिग्निन प्रकल्पाच्या नोंदी

१२ मे, तुर्भे

पेंढा मिळाला. पहाटे आप्पांबरोबर फळबाजारात गेले होते. हापूसचा हंगाम उतरणीला लागलाय, तरी गाळ्यांपुढे पेट्या फुटतातच आणि प्रत्येक पेटीतून भाताचा पेंढा बाहेर पडतो. आंब्याला कोकणापासून सांभाळत आलेला हा पेंढा आंबे काढून घेतले की कोणाचाच राहत नाही. थोडा आढीला जातो. बाकीचा सडक्या फळांबरोबर झाडून एका ढिगात लोटला जातो. आप्पा माथाडी आहेत, गाळेवाले त्यांना ओळखतात. म्हणून मला रस न लागलेला कोरडा पेंढा वेगळा काढून मिळाला.

"बारदानात भर गं पोरी. प्लास्टिकात घातलास तर घाम सुटंल त्याला," एवढं सांगून आप्पा कामाला लागले. ते बरोबरच बोलले. ओल कोंडली की हव्या त्या बुरशीआधी नको त्या बुरश्या येतात. बारदान तुर्भ्याहून ठाणे लोकलच्या लगेज डब्यात घातलं आणि कॉलेजच्या मागच्या खोलीत पंख्याखाली पसरून ठेवलं.

१५ मे, ठाणे

मॅडमनी आराखडा मंजूर केला: न कुजणाऱ्या कचऱ्यातलं लिग्निन धिंगरी या खाद्य अळंबीकडून फोडून घेता येतं का ते पाहायचं. कचरा दोन प्रकारचा घ्यायचा: भाताचा पेंढा आणि शहाळ्याची साल. दोन्ही ठाणे-नवी मुंबईत हवे तेवढे मिळतात आणि दोन्ही ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात नीट कुजत नाहीत. न कुजण्यामागे मुख्यतः लिग्निन, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणारं चिवट द्रव्य, आहे, म्हणून त्याच्याबद्दल आधी लिहून ठेवते. पुढच्या सगळ्या नोंदी त्यावर उभ्या राहणार आहेत.

१८३८ मध्ये आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लाकडावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यातून एक तंतुमय पदार्थ वेगळा केला. तो सेल्युलोज. त्या तंतूंभोवती जे लपेटलेलं होतं, त्यात लिग्निन आलं. गोणपाट डांबरात बुडवून वाळवावं तशी ही रचना असते. तंतू आत, चिवट आवरण बाहेर आणि फटींतही तेच भरलेलं.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची सरळ साखळी. तिच्यातला प्रत्येक जोड सारखाच, त्यामुळे त्या जोडात नेमका बसणारा एंझाइम (क्रिया घडवणारं प्रथिन) पाण्याच्या रेणूच्या मदतीने तो तोडू शकतो. लिग्निनची घडण निराळी. कूमारिल, कोनिफेरिल आणि सिनापिल या तीन अल्कोहोलांपासून वनस्पती ते तयार करते, पण ही जुळणी मुक्तमूलकांमार्फत, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन जोडल्या जाणाऱ्या रेणूंमार्फत होते. दोन मूलकं जिथे भिडतील तिथे जोड पडतो. बीटा-ओ-४ नावाचा ईथर जोड सर्वांत जास्त आढळतो, पण त्याच्याबरोबर कार्बन-कार्बन जोडही असतात आणि ते फार चिवट. एकसारखा साचाच नसल्यामुळे एका जोडात बसणाऱ्या एंझाइमने हे काम होत नाही.

मग निसर्गात ते कुजतं कसं? जंगलात लाकूड तर कुजतंच. माझ्या प्रकल्पाचा खरा प्रश्न हाच आहे. उत्तराचा गाभा असा: लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या लिग्निन कापत नाहीत, त्याचं ऑक्सिडीकरण करतात. त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या वलयातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. वलय अस्थिर होतं आणि पुढची तोडफोड आपोआप घडते.

२९ मे

शहाळ्याच्या साली आणल्या. स्टेशनबाहेरच्या शहाळेवाल्याने कोयत्याने चार फाका करून दिल्या. पुढे बोटभर तुकडे करायचं काम लॅबमधल्या काकांनी आणि मी मिळून केलं. हाताला काळे डाग पडले. साल कापली की उघडी पडणारी टॅनिन हवेने आणि लोखंडाने काळी पडतात. हीच टॅनिन बुरशीलाही त्रास देतात, म्हणून तुकडे पाण्यात भिजत घालून पाणी वरचेवर बदलायचं ठरवलं.

नारळाच्या काथ्यात लिग्निनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. भाताच्या पेंढ्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. शहाळं कोवळं असतं, तेव्हा त्याची साल पक्क्या काथ्याएवढी लिग्निनदार नसणार, पण पेंढ्यापेक्षा अवघड जाणार हे गृहीत धरते.

पेंढ्याची एक खासियत इथेच नोंदवते. गवताच्या कुळातल्या वनस्पतींत लिग्निन आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजच्या जोडीला असणाऱ्या साखरांच्या साखळ्या) यांच्यामध्ये फेरुलिक आम्लाचे एस्टर पूल असतात. ते अल्कलीने सुटतात. गुरांच्या पेंढ्याला आणि कडब्याला युरियाची प्रक्रिया करतात, तिचं मर्म यातच आहे. युरियापासून अमोनिया होतो, तो हे पूल सैल करतो आणि वैरण पचायला हलकी होते. लिग्निन त्याने जात नाही, फक्त त्याची पकड ढिली होते.

१० जून

धिंगरीचं शुद्ध कल्चर माल्ट एक्स्ट्रॅक्ट आगरच्या प्लेटवर चढवलं. ज्वारीवर वाढवलेलं स्पॉनही, म्हणजे बुरशीचं बियाणंही, आलं आहे. उन्हाळ्यात पिशव्या भरण्यात अर्थ नव्हता. मागच्या खोलीत दुपारी ३४-३५ अंश तापमान होतं आणि आमची धिंगरी २० ते ३० अंशांत रमते. पावसाची वाट पाहिली ते बरंच झालं.

२३ जून, कोपरखैरणे–ठाणे

पाऊस लागला आणि रस्त्याकडेच्या लाकडांवर काय काय उगवलंय! आजचा दिवस केवळ बघण्याचा होता. येऊरला गेले, पण तिथून काहीच उचललं नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, परवानगीशिवाय तिथलं पानही आणता येत नाही. फोटो मात्र भरपूर काढले.

नमुने आणले ते वस्तीतले. कोपरखैरण्यात गेल्या वर्षी पडलेल्या पर्जन्यवृक्षाच्या ओंडक्यावर पंख्याच्या आकाराची, पांढरट, केसाळ, बोटाच्या पेराएवढी बुरशी ओळीने उगवली आहे. खालच्या बाजूला प्रत्येक पाकळी मधोमध चिरलेली, म्हणजे शिझोफिलम कम्यून. कोरडं पडलं की पाकळ्या आत वळवून घेते आणि पाऊस आला की पुन्हा उघडते. दुसरी एका जुन्या गुलमोहराच्या बुंध्यावर, जमिनीलगत: तपकिरी, वरून वॉर्निश दिल्यासारखी चकचकीत, खालून पांढरी. गॅनोडर्मा. गुलमोहराच्या बुंध्यावर ही दिसली की त्या झाडाचं काही खरं नाही असं समजावं. आतलं लाकूड पोकळ होत चाललेलं असतं. उद्यान विभागाला त्या झाडाबद्दल लेखी कळवलं आहे, कारण खाली रिक्षांचा थांबा आहे.

येताना ठाण्याला बाजारात रानभाज्यांशेजारी अळंबीचे वाटे दिसले. वारुळातून येणारी ही टर्मिटोमायसिस. वाळवी काडीकचरा चावून आत नेते, त्याचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा बगिचा करते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ केलेलं खाते. माझ्या प्रकल्पात ती बसत नाही, ती वाळवीशिवाय नीट वाढत नाही. पण लाकूड पचवायला वाळवीनेही बुरशीच गाठली, हे मला फार मोलाचं वाटतं.

३० जून

प्लेटांचे निकाल. ग्वायकॉल घातलेल्या आगरवर तिन्ही बुरश्या लावल्या होत्या. लिग्निन ऑक्सिडाइझ करणारे एंझाइम असतील तर ग्वायकॉलचा लालसर तपकिरी रंग होतो. दुसऱ्या प्लेटांत रेमाझोल ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग होता. त्याची रचना वलयांची आहे आणि ती मोडली की निळा उडतो.

धिंगरीभोवती गडद तपकिरी कडं, निळ्या प्लेटवर स्वच्छ पिवळसर वर्तुळ. गॅनोडर्मा लावायला अवघड गेला, पण जिथे लागला तिथे कडं सर्वांत गडद. शिझोफिलम जोमात वाढला, प्लेट भरून टाकली, पण ग्वायकॉलचा रंग जेमतेम आणि निळा रंग जसाच्या तसा.

मॅडम म्हणाल्या, "हे लिहून ठेव. लाकडावर वाढणारी प्रत्येक बुरशी लिग्निन फोडते असं सगळे धरून चालतात."

शिझोफिलमला जुन्या पुस्तकांत श्वेतकूज, म्हणजे लिग्निन काढून लाकूड पांढरं पाडणारी कूज, करणारी म्हटलं जायचं. २०१० मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा लिग्निन फोडणाऱ्या पेरॉक्सिडेज एंझाइमांची जनुकं त्यात सापडलीच नाहीत. लॅकेज या ऑक्सिडीकरण करणाऱ्या दुसऱ्या एंझाइमची दोन आहेत. आमची प्लेट त्याच्याशी जुळते.

आणखी एक गट असतो, तपकिरी कूज करणारा. लिग्निन फोडायची यंत्रणा ज्या पूर्वजांकडे होती त्यांच्यापासून हे निघाले आणि ती यंत्रणा त्यांनी जवळजवळ टाकून दिली. ते लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतात, लिग्निनमध्ये थोडेसे बदल करतात आणि आतलं सेल्युलोज खातात. मागे तपकिरी, चौकोनी भेगांचं, चुरा होणारं लाकूड उरतं. ते तपकिरी असतं कारण त्यात उरलेलं बहुतेक लिग्निनच असतं. श्वेतकुजीत उलट. लिग्निन जातं आणि पांढरे, मऊ धागे दिसू लागतात.

५ जुलै

पिशव्या भरल्या. पेंढा बोटभर लांबीचा कापून रात्रभर भिजवला, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला. निथळला. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, एवढी ओल. थराथराने स्पॉन पेरून पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या घट्ट भरल्या, सुईने भोकं पाडली, अंधाऱ्या खोलीत टांगल्या. शहाळ्याच्या तुकड्यांनाही हीच प्रक्रिया, फक्त भिजवायला चुन्याची निवळी घेतली.

प्रत्येक पिशवीत गेलेल्या पेंढ्याचं कोरडं वजन वहीत आहे. स्पॉन न घातलेल्या पिशव्याही जोडीला ठेवल्या. पेंढा भिजण्याने आणि गरम पाण्याने काय हरवतो ते त्यावरून वजा करता येईल. कोरडं वजन आज नोंदवलं नसतं तर सप्टेंबरमधलं सगळं विश्लेषण वाया गेलं असतं. पुढे हा प्रकल्प कोणी केला तर हे काम पहिलं करा.

१४ जुलै

पेंढ्यात बुरशीच्या धाग्यांची पांढरी जाळी निम्म्यावर आली. शहाळ्याच्या पिशव्यांत स्पॉनच्या दाण्याभोवती पांढरं, बाकी तुकडे उघडे.

२१ जुलै

आज पिशव्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि बडीशेपेसारखा गोड वास आला. आधी वाटलं कोणीतरी डबा उघडलाय. वास पिशव्यांचाच होता.

याचं उत्तर मिळालं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच वाचत बसले. धिंगरीच्या कुळातल्या बुरश्या अनिसाल्डिहाइड नावाचा सुवासिक पदार्थ बनवतात. बडीशेपेचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे, त्यातला हा एक घटक. बुरशी तो उगाच बनवत नाही. तिच्याजवळ अरिल अल्कोहोल ऑक्सिडेज नावाचा एंझाइम आहे. तो अनिसाइल अल्कोहोलचं अनिसाल्डिहाइड करतो आणि त्या क्रियेत हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बुरशी अनिसाल्डिहाइड पुन्हा आत घेऊन त्याचं अल्कोहोल करते आणि चक्र चालू राहतं. पेरॉक्सिडेज एंझाइमांना चालायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. ते बाहेरून कोण आणून देणार? बुरशी स्वतःच थोडं थोडं, लागेल तसं तयार करते. आम्हाला आलेला वास त्या कामाचा होता.

पेरॉक्सिडेजांची गोष्ट अशी. १९८३ मध्ये अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत मिंग टिएन आणि केंट किर्क यांनी फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीच्या द्रवातून लिग्निन पेरॉक्सिडेज वेगळं केलं. त्याच वर्षी मायकेल गोल्ड यांच्या गटालाही ते मिळालं आणि पुढच्या वर्षी त्यांनी मँगनीज पेरॉक्सिडेज दाखवलं. लिग्निन पेरॉक्सिडेज थेट वलयातून इलेक्ट्रॉन काढतं. मँगनीजवालं वेगळ्या वाटेने जातं: द्विसंयुजी मँगनीजचं त्रिसंयुजी करतं, बुरशीने सोडलेलं ऑक्झॅलेट त्या आयनाला धरून स्थिर ठेवतं आणि तो छोटा आयन लाकडात शिरून काम करतो.

हा आयन छोटा असणं फार महत्त्वाचं आहे. एंझाइम मोठे, धडधाकट पेशीभित्तिकेच्या छिद्रांतून त्यांना आत जाता येत नाही. म्हणून ते बाहेर राहून लहान, क्रियाशील रेणू आत पाठवतात. किर्क आणि फॅरेल यांनी १९८७ मध्ये या सगळ्याला एंझाइमी ज्वलन म्हटलं. ज्वलनच ते. ऑक्सिजन लागतो, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, फक्त खोलीच्या तापमानाला आणि आठवड्यांच्या गतीने.

आमच्या धिंगरीजवळ लिग्निन पेरॉक्सिडेज नाही. मँगनीज पेरॉक्सिडेज आहे, दोन्ही कामं करणारं व्हर्सटाइल पेरॉक्सिडेज आहे आणि लॅकेज आहे.

२८ जुलै

लॅकेज मोजलं. पेंढ्याचे नमुने थंड बफरमध्ये हलवून अर्क काढला, गाळला, सेंट्रिफ्यूज केला. एबीटीएस हे लॅकेजने रंग बदलणारं रसायन घातलं की द्रव क्षणात हिरवट निळा होतो. ४२० नॅनोमीटरवर वाचन घेतलं. स्पॉन नसलेल्या पेंढ्याच्या अर्कात रंग आला नाही.

लॅकेज पहिल्यांदा सापडलं ते बुरशीत नव्हे. १८८३ मध्ये योशिदा यांनी जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात त्याचा माग काढला, नावही लाखेवरून आलं. त्यात तांब्याचे चार अणू असतात. पेरॉक्साइड लागत नाही, हवेतला ऑक्सिजन पुरतो आणि त्याचं पाणी होतं.

पेंढ्यात जाळी पूर्ण भरत आली तसं लॅकेज चढत गेलं. शहाळ्याच्या पिशव्यांत कमी आहे, पण आहे.

३ ऑगस्ट

शहाळ्याच्या काही पिशव्यांत हिरवे डाग. ट्रायकोडर्मा, नको असलेली हिरवी बुरशी. त्या पिशव्या बाहेर काढून ऑटोक्लेव्ह केल्या, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्या. सालीत साखरेचा अंश आणि पाणी दोन्ही जास्त, त्यामुळे पटकन वाढणाऱ्याला संधी मिळते. लिग्निन फोडणाऱ्या बुरश्या सावकाश वाढतात, त्यांना आधी जागा मोकळी मिळावी लागते.

८ ऑगस्ट

पेंढ्याच्या पिशव्यांचं प्लास्टिक चिरून काढलं होतं, आज धिंगरीचा पहिला तोडा झाला. खोलीत हवा कमी खेळली की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि देठ लांब, छत्री बारीक होते. खिडकीजवळच्या पिशव्यांची छत्री रुंद, कोपऱ्यातल्यांची अरुंद, हे स्पष्ट दिसलं. छत्रीच्या कडा वर वळायच्या आधी तोडा करायचा. उशीर झाला की बीजाणू उडतात आणि बंद खोलीत काम करणाऱ्याला खोकला, ॲलर्जी होऊ शकते. म्हणूनच हे घरात करायचं नाही असं आधीपासून ठरलं होतं.

तोड्याच्या सुमारास लॅकेज उतरलं. बटन मश्रूम आणि शिटाके यांच्यातही हे नोंदलेलं आहे: जाळी पसरताना लॅकेज जास्त, फळ धरताना ते खाली येतं आणि सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज वर जातं. मला यात बुरशीचा हिशेब दिसतो. लिग्निनवर तिचं पोट भरत नाही. फक्त लिग्निन देऊन ठेवलं तर श्वेतकूज करणाऱ्या बुरश्या त्यावर वाढत नाहीत, दुसरा कार्बन लागतोच. लिग्निन हटवायला त्या ऊर्जा खर्च करतात, कारण खरं अन्न त्याच्या आड आहे. आधी आड आलेलं बाजूला सारायचं, मग सेल्युलोज खाऊन फळ धरायचं.

१७ ऑगस्ट

आप्पांना आज दक्षिण चिलीतली एक गोष्ट सांगितली. तिथल्या पावसाळी जंगलात गॅनोडर्मा पडलेल्या लाकडातलं लिग्निन इतकं काढून टाकतो की पांढरं, मऊ लाकूड उरतं. स्पॅनिशमध्ये त्याला पालो पोद्रिदो म्हणतात आणि गुरं ते खातात.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मग गाईच्या पोटात का नाही फुटत ते लिग्निन? सगळं तर पचवती ती."

इतका नेमका प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता. गाईच्या कोठीपोटात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू आणि बुरश्या सेल्युलोज फोडण्यात पटाईत आहेत, पण लिग्निनचं ज्वलन ऑक्सिजनशिवाय होत नाही. बायोगॅसच्या टाकीचंही तेच. शिळं अन्न, भाजीचा कचरा टाकीत जातो आणि गॅस होतो. पेंढा किंवा शहाळं टाकलं तर तरंगत राहतं, पाइप तुंबवतं. टाकी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, तिच्यात हवा नसते आणि या कामाला हवा हवी.

उलट्या बाजूला गरम कंपोस्टचा ढीग. तो हवेशीर असतो, पण आतलं तापमान ६० अंशांवर गेलं की श्वेतकूज करणाऱ्या बुरश्या तगत नाहीत. त्यामुळे ढीग निम्मा होतो, काळा दिसतो, तरी काड्या आणि काथ्या तसाच राहतो. सोसायट्यांच्या खड्ड्यांत चाळणीवर जे उरतं ते हेच.

२५ ऑगस्ट

वाचनातली एक नोंद, प्रयोगाशी थेट संबंध नसली तरी. २०१२ मध्ये ३१ बुरश्यांच्या जीनोमांची तुलना करून संशोधकांनी अंदाज बांधला की लिग्निन फोडणारी पेरॉक्सिडेजं सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी आली, म्हणजे कोळशाचे मोठे थर साठले तो कार्बोनिफेरस काळ संपत असताना. कोळशाचे थर साठण्याचा वेग त्यानंतर घटला, तो या बुरश्यांमुळे असेल अशी शक्यता त्यांनी मांडली. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने त्याला हरकत घेतली: कोळसा बनवणाऱ्या बऱ्याच वनस्पतींत लिग्निन फारसं नव्हतंच आणि भूखंडांच्या हालचाली व हवामान यांनी ते साठे जास्त चांगले उलगडतात. मला दुसरा युक्तिवाद पटतो. पण पेरॉक्सिडेजांच्या वयाचा अंदाज त्याने खोडला जात नाही, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

८ सप्टेंबर

क्लासन पद्धतीने लिग्निन मोजायला घेतलं. वाळवलेला नमुना दळला, अल्कोहोलने धुऊन मेण-रंग काढले. मग ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात ३० अंशांना तासभर. नंतर पाणी घालून ४ टक्के करायचं आणि १२१ अंशांना तासभर ऑटोक्लेव्ह. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज विरघळून साखरा होतात आणि खाली काळपट गाळ उरतो. तो गाळून, १०५ अंशांवर वाळवून तोलायचा.

पेंढ्याबाबत इथे थांबता येत नाही. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते आणि ती आम्लात विरघळत नाही. लिग्निनबरोबर तीही गाळात येते. म्हणून गाळ मफल फर्नेस या भट्टीत ५७५ अंशांवर जाळून राख वजा केली. आमच्या पेंढ्यात राख गाळाचा इतका मोठा हिस्सा निघाली की ती वजा न करता काढलेला कोणताही आकडा वापरण्याजोगा नाही. शिवाय बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन आणि तिची प्रथिनं काही प्रमाणात गाळात उरतात, त्यामुळे बुरशी चढलेल्या पेंढ्यात लिग्निन आहे त्याहून थोडं जास्त दिसतं. अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहिणार आहे.

१५ सप्टेंबर

आकडे मांडले. बुरशी चढलेल्या पेंढ्यातलं लिग्निन टक्क्यांत जवळजवळ तेवढंच आलं. वर्गातला एक मित्र म्हणाला, "म्हणजे काही फुटलंच नाही की."

फुटलं आहे. हिशेब वहीत मांडते, सोपं काल्पनिक उदाहरण घेऊन. १०० ग्रॅम कोरडा पेंढा, त्यात १५ ग्रॅम लिग्निन. बुरशीनंतर ६० ग्रॅम उरला आणि त्यात १० ग्रॅम लिग्निन. टक्केवारी १५ वरून १६.७ झाली, वाढली! पण खरं तर १५ पैकी ५ ग्रॅम, म्हणजे तिसरा हिस्सा, गेला. सेल्युलोजही बरोबरीने खाल्लं गेल्यामुळे टक्केवारी फसवते. सुरुवातीच्या कोरड्या वजनावर हिशेब केला की आमच्या पेंढ्यात लिग्निन खरोखर घटलेलं दिसतं. शहाळ्यात ही घट फार कमी आहे, बिन-स्पॉनच्या पिशवीपासून ती जेमतेम वेगळी काढता येते. दोन महिन्यांत शहाळं होत नाही, असा माझा निष्कर्ष.

२४ सप्टेंबर

शहाळ्याचं पुढे काय, यावर मॅडमशी बोलणं झालं. नारळाच्या काथ्याचा भुसा कुजवायला कॉयर बोर्डाने पिथप्लस नावाचं कल्चर काढलं आहे. त्यात धिंगरीचीच प्रजाती आहे, प्लुरोटस सॅजोर-काजू. ते युरियाबरोबर थराथराने घालतात.

मी विचारलं, "मॅडम, नायट्रोजन जास्त झाला की लिग्निन फोडणं बंद पडतं ना?"

"ते फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियममध्ये. त्याला नायट्रोजन तोकडा पडला की एंझाइम सुरू होतात. धिंगरी त्या बाबतीत इतकी हट्टी नाही. भुशात कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर शंभराच्या वर असतं, थोडा युरिया दिल्याशिवाय ती चढणारच नाही."

मी शहाळ्याच्या पिशव्यांना युरिया दिला नव्हता आणि तुकडे मोठे होते. पुढच्या फेरीत दोन्ही बदलायचं. साल यंत्रातून काढून भुशाइतकी बारीक, थोडा युरिया, आणि पिशवीऐवजी सावलीत पसरट थर, म्हणजे हवा खेळेल आणि ढीग तापणार नाही. स्पॉन जास्त घालायचं, ट्रायकोडर्माच्या आधी जागा धरायला.

आमच्या भागातल्या दोन सोसायट्यांनी खड्ड्याबद्दल विचारलं आहे. त्यांना हे लेखी दिलं: शहाळी, नारळाच्या झावळ्या, फांद्या आणि पेंढा ओल्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळा ढीग लावा. पेंढा भिजवून आधी धिंगरीला द्या, तोडे घेऊन झाले की उरलेला मऊ पेंढा खड्ड्यात जाऊ द्या, तिथे तो लवकर मुरतो. शहाळ्यासाठी वर्षभराची सोय आणि बारीक करायचं यंत्र असेल तरच हात घाला. ते नसेल तर शहाळी काथ्या करणाऱ्यांकडे पाठवणंच योग्य.

३० सप्टेंबर

शहाळ्याच्या दुसऱ्या फेरीसाठी साल बारीक करून मिळाली. कोरडं वजन घेतलं, वहीत चढवलं. बिन-स्पॉनचे थर वेगळे लावले. पहिला नमुना डिसेंबरमध्ये, दुसरा मार्चमध्ये काढायचा, आणि दोन्ही वेळा राख वजा करून, सुरुवातीच्या वजनावर हिशेब.